आत्याच्या फोटोवर उजेड पडला नाही

आत्याच्या सासूच्या फोटोतले डोळे सासूचे नव्हते. ते परभणीच्या एका स्टुडिओवाल्याने ब्रशने घातलेले होते. म्हातारी जिवंत होती तोवर तिचा फोटो काढावा असं कुणाच्या मनात आलं नाही. ती गेली आणि सगळ्यांना एकदम आठवण झाली. मग तिला खुर्चीत बसवलं, लुगड्याच्या काठाने मागून बांधलं, मान कलंडू नये म्हणून पाठीशी पाट लावला आणि मानवतहून फोटोवाला बोलावला. आमच्या भागात तेव्हा सर्रास असंच चालायचं. काढलेला फोटो परभणीला जायचा, तिथे नाकातला कापूस पुसला जायचा आणि मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे रंगवले जायचे. नंतर काच, चौकट आणि हार.

त्या रंगाऱ्याने म्हातारीला जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने आपल्या मनाने डोळे दिले. एक मोठा, एक बारीक. मोठा दाराकडे बघायचा, बारीक ज्वारीच्या कणगीकडे. आत्या रोज भाकरी थापताना वर बघून म्हणायची, "जिती होती तवा माझ्याकडं सरळ बघितलं न्हाई. मेल्यावर तरी बघावं का न्हाई? बघ की, तिरकीच बघायलीय."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मानवतच्या अलीकडे एका लहान गावात आमच्या बौद्ध वस्तीत राहायची. दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची, भांगलायला जायची आणि दिवसभर बोलायची. बोलायची म्हणजे काय सांगू! कापूस वेचताना तिचा हात थांबला तर थांबेल, तोंड थांबत नसे. सरपंचापासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत तिने कुणालाही सोडलं नव्हतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, लवकर वारले. ते आधीच कमी बोलायचे, त्यात त्यांना संधीच मिळाली नाही. त्यांचा तर फोटोही नव्हता, मेल्यानंतरचाही नाही. फोटोवाला त्या दिवशी लग्नाला गेला होता.

तर आत्याला जगात एकाच गोष्टीची धास्ती होती. मरणाची नाही. मरणाचं नाव काढलं की ती म्हणायची, "यायचं तवा येऊ दे, त्याला बी चार शिव्या घालीन." धास्ती होती त्या रंगाऱ्याची. आपण गेल्यावर आपल्याला असंच खुर्चीला बांधतील, परभणीला पाठवतील आणि तो हलकट आपल्याला तिरळे डोळे देईल. सगळ्या सुनानातवंडांकडे, येणाऱ्याजाणाऱ्याकडे, वर्षानुवर्षं भिंतीवरून तिरकं बघत बसावं लागेल. "लय वंगाळ हाय बाबा," ती म्हणायची. "आपलं घर, आपली भिंत, अन् डोळे परक्याचे."

मी तेव्हा पूर्णेला रेल्वेत कारकून होतो. पंचविशी उलटली नव्हती. अंगात मस्ती भरपूर होती आणि अक्कल वाट बघून राहिली होती. माझे दाजी सौदीला वेल्डर होते. त्यांनी सुट्टीला येताना बहिणीला टेप आणला, आईला ब्लँकेट आणलं आणि मला कॅमेरा. काळा, साबणाच्या वडीएवढा, त्यात फ्लॅश आतच बसवलेला. तोवर आम्ही पाहिलेले फ्लॅश म्हणजे लग्नातल्या फोटोवाल्याच्या हातातली ती छत्रीएवढी बोजड वस्तू. हा तर पोटात दिवा घेऊनच जन्मला होता. शिवाय अॅटोमॅटिक. काही फिरवायचं नाही, मोजायचं नाही. बटण दाबायचं. समोर अंधार असेल तर तो स्वतःच ओळखतो आणि उजेड पाडतो, ऊन असेल तर गप बसतो.

दाजींनी हे सगळं नीट सांगितलं होतं. मी एका कानाने ऐकलं.

पहिल्यांदा तो मी आत्याच्याच गावी जयंतीला नेला. एप्रिलचं ऊन, निळे झेंडे, ढोलताशे, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया, आणि गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारा मी. काय तो रुबाब! पोरं, म्हातारे, हलगीवाले, सगळे ओळीने उभे राहिले. मी बटण दाबलं. खट् झालं. कुणी हललं नाही.

"काढ की," एक म्हातारबा म्हणाले.

"काढला."

"कवा? उजेड कुठं पडला?"

झालं! माझ्या इज्जतीचा पंचनामा सुरू झाला. आमच्या लोकांनी फोटो पाहिले होते ते लग्नात, मंडपात, फ्लॅशखाली. डोळे दिपले, पुढ्यात हिरवेनिळे ठिपके नाचले की फोटो निघाला, हा हिशेब पक्का. उजेड पडला नाही म्हणजे फोटो निघाला नाही. मी घसा कोरडा करून सांगितलं की उन्हात लागत नाही, यंत्राला कळतं. त्यावर एकजण म्हणाला, "यंत्राला कळतंय, आमाला न्हाई कळत व्हय?" दुसऱ्याने जाहीर केलं की दाजींना सौदीत कुणीतरी शेंडी लावली, कॅमेरा बिघडलेला आहे. आत्या तर भर गर्दीत म्हणाली, "रिकामं डबडं गळ्यात बांधून हिंडायलाय जसा."

मी चिडलो. पोरगं चिडलं की काहीतरी शोध लावतंच. कॅमेऱ्याच्या तोंडावर भिंगाशेजारी एक बारीक खिडकी होती, तिच्यातून तो उजेड बघायचा. मी तिच्यावर अंगठा ठेवला. कॅमेऱ्याला वाटलं रात्र झाली. चिंईं करून आतून बारीक आवाज आला, लाल दिवा लागला आणि मी बटण दाबल्याबरोबर भर दुपारी बाराच्या उन्हात लख्ख उजेड पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! म्हातारबांनी डोळे चोळले आणि म्हणाले, "आता निघाला."

त्या दिवसापासून माझा अंगठा त्या खिडकीवरून हलला नाही. फोटो धुऊन आले ते पिठात बुडवून काढल्यासारखे पांढरेफटक. पांढरी लुगडी कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. दोनचार फोटोंत कोपऱ्यात माझा अंगठा आला होता, तोच काय तो नीट. तरी कुणी तक्रार केली नाही. प्रत्येकाने आपला पांढरा ठिपका ओळखला आणि घरी नेला. मीही मनात म्हटलं, फोटो बिघडला तर बिघडो, इज्जत राहिली ना.

हे सगळं नामांतराच्या धामधुमीतलं. विद्यापीठाच्या नावासाठी वर्षानुवर्षं मोर्चे निघत होते, लोक मार खात होते, जेलात जात होते, सुटून आले की पुन्हा निघत होते. आत्या कधी शाळेची पायरी चढली नव्हती. विद्यापीठ कसलं असतं हे तिने पाहिलंही नव्हतं. पण मोर्चा म्हटला की ती पुढे. तिचा आवाज असा की माइक बंद पडला तरी मोर्चा थांबायचा नाही. घोषणा द्यायला तिलाच पुढे करायचे. घरच्यांना वाटायचं, बरं झालं, घरात तेवढी दोन तास शांतता.

एकदा परभणीला कचेरीवर मोठा मोर्चा ठरला. आदल्या दिवशी गावचा माणूस पूर्णेला माझ्याकडे निरोप घेऊन आला. आत्याने सांगितलं होतं, कॅमेरा घेऊन ताबडतोब ये. मी पॅसेंजरने मानवत रोडला उतरलो, पुढे मिळेल त्या गाडीने गेलो. दुपार कलली होती. आत्या नव्या पांढऱ्या लुगड्यात दारातच बसली होती.

"उद्या मोर्चा हाय," ती म्हणाली. "मागल्या खेपेला काठ्या चालल्या. माझ्या वयाला एक काठी डोक्यात बसली तर मी तिथंच जायची. जाईन, त्याचं काय न्हाई. पर माझा एक बी फोटो न्हाई."

"कसलं अशुभ बोलतीस गं?"

"तुझं शुभ चुलीत घाल. माझे डोळे उघडे असतील असा एक फोटो काढ. माझे. त्या रंगाऱ्याच्या हाती माझे डोळे देऊ नको, एवढं मला वचन दे."

मी हसत हसत वचन दिलं. छत्तीसचा नवा रोल भरून आणला होता. छत्तिसात एक काय, वीस फोटो काढू, असा माझा तोरा.

घरात अंधार होता, त्यामुळे अंगठ्याची गरज नव्हती. कॅमेरा आपला आपणच चमकायचा. आत्या सासूच्या फोटोखाली पोत्यावर ताठ बसली. मी बटण दाबलं, उजेड पडला आणि आत्याने डोळे गच्च मिटले. दुसऱ्यांदा तेच. मी एक, दोन, तीन म्हणून बघितलं, तर ती दोनालाच मिटायची. न मोजता काढायला गेलो, तर कॅमेरा आधी चिंईं करायचा आणि तिला चाहूल लागायची. "आला बघ, आला," असं म्हणायची आणि मिटायची. मी खोटं बोललो, "आत्या, नुसता साफ करतोय हं," आणि दाबलं. माझं खोटंही तिला कळलं. आयुष्यभर उन्हात कापूस वेचलेली बाई, सूर्याला भ्याली नाही, आणि साबणाच्या वडीएवढ्या दिव्याला डोळे मिटायची. स्वतःचाच तिला राग यायला लागला.

"माझे डोळे माझं ऐकंना गेलेत," ती म्हणाली. तिचा आवाज तेव्हा जरा बारीक झाला होता आणि मला हसू आलं नाही.

मग तिने दोन बोटांनी एका डोळ्याच्या पापण्या ताणून धरल्या. "घे आता!" तोही काढला. मग तिने पापण्या न धरता, नुसत्या हट्टाने, दात खाऊन डोळे उघडे ठेवले. एकदाच जमलं. आम्ही दोघेही आनंदलो. त्या आनंदाचं काय झालं ते पुढे सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर वस्तीत आला. ट्रॉलीत चढायच्या आधी आत्याने मला अंगणात ओढलं. कालच्या एकाचा भरवसा नाही, उन्हात काढ म्हणाली, उन्हात डोळे दिपत नाहीत. बाईचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालत होतं. पण उन्हात फ्लॅश पडणार नाही आणि पडला नाही तर ती मला जिवंत सोडणार नाही, म्हणून मी गुमान अंगठा खिडकीवर ठेवला. उजेड पाडला. तिने डोळे मिटले. परत पाडला, परत मिटले. एकेक करत छत्तिसातले पस्तीस संपले. ट्रॅक्टरवाला हाका मारायला लागला. बायांनी तिला हाताला धरून ट्रॉलीत ओढलं.

ट्रॉली सुटली तशी आत्या फळीला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे बघून ओरडली, "एक राह्यलाय ना? काढ!"

मी पळालो. एका हातात कॅमेरा, एका हातात निसटणारी चप्पल. धुळीत ठेचकाळत मी ट्रॉलीच्या मागे, आणि ती वर उभी, पाठीमागे झेंडे, तोंडावर सकाळचं ऊन. "काढ की रं, मुडद्या!" म्हणत तिने मूठ उगारली, आणि नेमका त्याच वेळी बटण दाबताना माझा अंगठा घसरला. कॅमेऱ्याला त्याची खिडकी मोकळी मिळाली, त्याने ऊन बघितलं आणि तो गप बसला. नुसतं खट्. उजेड नाही, काही नाही. आणि शेवटचा फोटो संपल्याबरोबर तो कर्रकर्र करत रोल आपोआप मागे गुंडाळायला लागला. आता काही उपाय नव्हता.

आत्याला खट् ऐकू आलं नसेल, पण उजेड न पडलेला तिला बरोबर दिसला. ती मूठ तशीच नाचवत आख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडली, "पडला न्हाई रं, मुडद्या!" मग ट्रॉली वळणावरून गेली. मी रस्त्यात एका चपलेवर उभा राहिलो. समजा, हिला खरंच काही झालं आणि तो कालचा एक जमलेलाही फसला, तर माझ्याकडे मिटलेल्या डोळ्यांशिवाय काय राहणार? दिवसभर मी त्या घरातून हललो नाही. सासू वरून तिरकी बघत होती.

आत्या दिवस मावळायला परत आली. कोपराला काठी लागली होती, हात सुजून टम्म, आणि आवाज साफ बसला होता. घरात आल्या आल्या खुणेनेच विचारलं, फोटो? मी मान खाली घातली. आवाज नव्हता म्हणून मी त्या दिवशी वाचलो.

रोल धुवायला द्यायला उशीर झाला. देवगाव फाट्याला रास्ता रोको, कुठे दगडफेक, एसटी बंद. रंगीत रोल तेव्हा परभणीत द्यायचा, तो पुढे मोठ्या गावी जायचा आणि कधीतरी परत यायचा. महिना सव्वा महिना गेला. फोटो आले ते पाकीट न उघडता मी आत्याच्या हातात दिलं. तिच्या देखतच जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं.

घरातले जवळपास सगळे मिटलेले. पापणी ताणून धरलेला एक होता, त्यात ती डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायला आल्यासारखी दिसत होती. हट्टाने डोळे उघडे ठेवलेला तो एक हाती आला आणि आत्या किंचाळली. दोन्ही डोळ्यांची बुबुळं लालभडक, इंगळासारखी. अंधाऱ्या घरात फ्लॅश सरळ डोळ्यांत गेला की तसं होतं, हे मला फार नंतर कळलं. "बया बया बया," ती म्हणाली, "ह्याच्यापरीस सासू बरी!" आणि तो फोटो तिने तिथल्या तिथे चुलीत टाकला. अंगणातले सगळे पांढरेफटक, त्यात डोळे उघडे का मिटलेले हेही समजेना.

शेवटी एक राहिला. मला वाटलं, उजेड पडला नाही तो कोराच येईल. मीच वस्तीला शेंडी लावता लावता स्वतःही तेच मानायला लागलो होतो.

त्या फोटोत आत्या होती. झेंडे निळे होते, लुगडं पांढरं होतं, कपाळावरची एकेक रेघ दिसत होती. आणि डोळे सताड उघडे, काळेभोर, चिडलेले, सरळ माझ्याकडे बघणारे. खाली तोंड आ वासलेलं. पुढचे दोन दात आणि मधली फट दिसत होती, मूठ उगारलेली.

आत्याने फोटो दाराच्या उजेडात नेला, उलटून पाहिला, परत सुलटा केला. मग तिने विचारलं, "उजेड तर पडला न्हाई. मग ही आली कुठून?"

"उन्हातून," मी म्हणालो.

तिने अंगठ्याने फोटोतलं तोंड झाकलं आणि नुसते डोळे बघितले. मग अंगठा काढला आणि सगळा चेहरा बघितला. "माझेच हायेत," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ती पदराने पुसायलाही विसरली. थोड्या वेळाने फोटो फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवत म्हणाली, "हाच लाव. बाकीचे जाळ."

"तोंडाचं काय करायचं गं? शिवी द्यायलीस त्यात."

"तोंड तसंच हाय माझं. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली, म्हणजे बरीच वर्षं बोलली. विद्यापीठाच्या नावाचं काही ठरायच्या अगोदरच्या पावसाळ्यात ती गेली. झोपेत गेली, डोळे मिटून. मी पूर्णेहून पोचेपर्यंत तिच्या मुलाने, माझ्या आतेभावाने, सगळं उरकलं होतं. खुर्ची नाही, पाट नाही, बांधणं नाही. पेटीतला फोटो त्याने परभणीला मोठा करायला दिला होता. मला फार बरं वाटलं. म्हटलं, वचन पाळलं.

आत्याच्या नावाने ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदनेच्या दोन मोठ्या तसबिरींखाली पांढऱ्या कापडावर तो फोटो ठेवला होता. मी आधी डोळे बघितले. तिचेच होते, सरळ, काळेभोर. माझा जीव भांड्यात पडला. मग माझं लक्ष खाली गेलं.

तोंड मिटलेलं होतं.

त्या स्टुडिओवाल्याने ब्रश घेऊन दात पुसले होते, फट पुसली होती, ओठ जुळवून वर हलकं गुलाबी हसू काढलं होतं. उगारलेली मूठ तर कापूनच टाकली होती. डोळे आत्याचे, चिडलेले, आणि त्याच्या खाली कुण्या शाळामास्तरणीचं तोंड. शेजारची म्हातारी हार घालता घालता थांबली आणि म्हणाली, "कोन रं ही?"

मला असा राग आला की काय सांगू. साठ वर्षं त्या तोंडाने सासू झेलली, मुकादम झेलले, पोलिसांच्या काठ्यांपुढे घोषणा दिल्या. ते तोंड कुणाच्या बापाला बंद करता आलं नाही, आणि ह्या गड्याने ब्रशच्या दोन फटकाऱ्यांत बंद केलं. मला रडू आलं ते ती गेली म्हणून की ह्यामुळे, तेही धड कळेना. मी डोळ्यांचं वचन दिलं होतं. तोंडाचं द्यायला हवं होतं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

आतेभाऊ ओशाळला. "दादा, मीच सांगितलं त्याला. चार लोक येतील, माय शिव्या द्यायलीय असं दिसंल. बरं दिसतंय का?"

"द्यायलीच होती की! मलाच द्यायली होती!"

निगेटिव्ह माझ्याकडे होती. दुसऱ्याच दिवशी मी परभणीला त्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाला माणूस तसा बरा होता, चहा मागवला. मी निगेटिव्ह त्याच्या काचेवर ठेवली आणि म्हणालो, जशी आहे तशी मोठी करा, ब्रश हातात धरायचा नाही. त्याने ती उजेडासमोर धरून बघितली.

"साहेब, तोंड लय उघडं आहे. भिंतीवर कसं दिसेल? माणूस गेल्यावर शांत दिसला पाहिजे."

"ती शांत नव्हती."

"अहो, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेल, म्हातारी अंगावर येतीय."

"यायचीच. येऊ द्या."

त्याने मान हलवली, माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि जशी आहे तशी मोठी करून दिली. मुठीसकट. आतेभावाने ती सासूच्या शेजारी लावली. मिटलेल्या तोंडाचा फोटो मी उलटा करून माळ्यावर टाकला. लोक बघायला आले तेव्हा आतेभावाने सांगायला सुरुवात केली की माय मोर्चात घोषणा देतानाचा फोटो आहे हा. लोकांना पटलं. कुणी हात जोडले, कुणी म्हणालं, काय तो आवेश! मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. ती खरं काय म्हणत होती ते मला माहीत होतं, आणि मी त्यातल्या कुणाला सांगितलं नाही.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत आली. रेडिओवर नामविस्ताराची बातमी ऐकली आणि मी दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गावी गेलो. हवं होतं तसं पूर्ण नाही, निम्मं का होईना, पण नाव लागलं होतं. वस्तीत हलगी वाजत होती. बाया नाचत होत्या, म्हातारे रडत होते. आतेभावाने पेढे आणले होते. त्याने पहिला पेढा तसबिरींपुढे ठेवला, मग खुर्चीवर चढून आईच्या फोटोजवळ गेला आणि काचेवरच, त्या आ वासलेल्या तोंडावर, दुसरा पेढा दाबून चिकटवला. चांगला बसला. मिटलेलं तोंड असतं तर पेढा कुठे लावला असता?

मी बॅगेतून तोच जुना कॅमेरा काढला. पेढा खाणाऱ्या आत्याचा एक फोटो असावा, एवढंच मनात होतं. अंगठा जागेवर नव्हता. ती अक्कल एव्हाना आली होती. पण घरात अंधार होता, नेहमीचाच. कॅमेऱ्याने आपलं आपण ओळखलं, चिंईं केलं, लाल दिवा लावला आणि मी बटण दाबताच लख्ख उजेड सरळ तिच्या तोंडावर पडला.

"पडला गं, आत्या," मी म्हणालो.

आणि सवयीने तिच्या डोळ्यांकडे बघितलं. तिने मिटले नव्हते.